वाटेत हरवलेला व्होल्ट

गेल्या पावसाळ्यात बाबांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी असायचं. बोरिवलीला, सकाळी सात वाजता. भाईंदर पूर्वेहून सहाच्या आत निघालं, की काशिमिऱ्याचा नाका आणि दहिसरचा चेकनाका गर्दी व्हायच्या आधी पार होतो. एका गुरुवारी मी चावी फिरवली आणि सेल्फ नुसता कण्हला. बाबा मागच्या सीटवर, बाहेर धो धो पाऊस. शेजारच्या गाडीतून जंपर लावून कसेबसे निघालो. पोहोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते, आणि डायलिसिसला उशीर झाला की पुढच्या माणसाची वेळही सरकते. ते मला फार लागलं.

बॅटरी चार वर्षांची होती. गॅरेजवाल्याने बंद गाडीत मीटर लावला : 12.2 व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी विसावल्यावर 12.6 दाखवते, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू केल्यावर 13.6 आले. “चार्जिंग चालू आहे, बॅटरीच गेलीय,” असं म्हणून त्याने नवी बसवली. तीन आठवडे गाडी ठीक चालली. मग पुन्हा तोच कण्हता आवाज.

दुसऱ्या गॅरेजमध्ये हेडलाइट, एसीचा पंखा आणि वायपर चालू ठेवून मोजलं. बॅटरीवर 12.9. इंजिन चालू असताना तिथे साधारण 13.8 ते 14.4 हवेत. “आल्टरनेटर गेला,” तो म्हणाला. खात्री करायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून बघतो, असंही म्हणाला. मी थांबवलं, कारण नव्या आल्टरनेटरचा बारा हजारांचा खर्च होता आणि बॅटरीचे पैसे नुकतेच गेले होते.

बाबांनी आयुष्यभर टेलिफोनच्या लाइनवर काम केलं. घरी आल्यावर त्यांनी सगळे आकडे विचारून घेतले आणि म्हणाले, “दोघांनीही एकाच टोकाला मोजलंय. दुसऱ्या टोकाला किती आहे?” मला उत्तर देता आलं नाही. शुक्रवारी ते स्वतः माझ्याबरोबर काशिमिऱ्याला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आले.

काकांनी आधी मीटर काढलाच नाही. आल्टरनेटरचा पट्टा बोटाने दाबून पाहिला, त्यावर घसरल्याची चमक आहे का ते बघितलं. मग चावी फक्त ऑनवर फिरवायला सांगितली. बॅटरीचा लाल दिवा लागला आणि इंजिन सुरू होताच विझला. “दिवा बरोबर आहे,” ते म्हणाले. हेडलाइट, पंखा, वायपर असे सगळे लोड चालू करून त्यांनी आल्टरनेटरच्या जाड टर्मिनलवर एक टोक आणि त्याच्याच बॉडीवर दुसरं टोक ठेवलं. 14.1! आल्टरनेटर चांगला होता. मग बॅटरीवर मोजलं, 12.9. मधला 1.2 व्होल्ट वाटेत कुठेतरी जात होता.

आता वाट दोनच बाजूंनी शोधायची होती. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं आल्टरनेटरच्या टर्मिनलला लावलं : 0.1. ही बाजू ठीक. मग बॅटरीचा मायनस आणि आल्टरनेटरची बॉडी : 1.1. “सापडलं, ताई,” काका म्हणाले. आल्टरनेटरचा करंट जाड वायरीने बॅटरीत जातो आणि इंजिन-बॉडीतून परत येतो. परतीची ती वाट म्हणजे इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी. तिचा बोल्ट सोडवला, तर खाली हिरवट क्षार साचलेला. मध्यंतरी बाबांना बरं नव्हतं तेव्हा गाडी सहा महिने उत्तनला मामाच्या दारात समुद्रासमोर उभी होती, आणि इथे भाईंदरलाही मिठागरं नि खाडी लागूनच. खारी हवा आणि पाऊस, दोघांनी मिळून ती पट्टी खाल्ली होती. सेल्फचा करंटही त्याच वाटेने जातो, म्हणून तो कण्हत होता. लाल दिवा मात्र लागत नव्हता, कारण तो आल्टरनेटरवर लक्ष ठेवतो आणि आल्टरनेटर आपलं काम चोख करत होता.

चालू इंजिनावर बॅटरी काढायची गोष्ट मी सांगितली, तेव्हा काकांचा चेहरा बदलला. “तसं कधी करू द्यायचं नाही. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतं. आल्टरनेटरचे डायोड आणि गाडीचा कॉम्प्युटर, दोन्ही जाऊ शकतात.”

त्यांनी दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासल्या, नवी पट्टी बसवली आणि वर व्हॅसलीन लावलं. पुन्हा सगळे लोड चालू करून मोजलं : बॅटरीवर 14.0. शेवटी गाडी बंद करून किती करंट आतल्या आत गळतो तेही पाहिलं : 30 मिलिअँपिअर. 50 च्या आत चालतं. साडेचारशे रुपये झाले.

दोन्ही गॅरेजवाल्यांनी मला फसवलं, असं मी म्हणणार नाही. त्यांचे आकडे खरे होते. पण एकाच जागी मोजून भाग बदलायचा निर्णय घेतला, हीच चूक झाली, आणि पहिल्या वेळी तो निर्णय मीही निमूटपणे मान्य केला होता. कुणाची गाडी अशी अडली, तर मी एवढंच सांगेन : भाग बदलण्याआधी आल्टरनेटरवर किती आणि बॅटरीवर किती, हे लोड चालू ठेवून दोन्हीकडे मोजायला लावा. दोन मिनिटं लागतात.

डायलिसिसच्या आधी आणि नंतर बाबांचं वजन एका वहीत लिहावं लागतं. आता डिकीत एक मीटर असतो. दर शनिवारी बाबा स्वतः बॅटरीवर टोकं ठेवतात आणि वजनाच्या खाली, थरथरत्या पण स्वच्छ अक्षरात, तो आकडाही लिहितात.