सरोवरांची यादी कोण ठरवते?

शाळेत मी दोन वाक्ये पाठ केली होती. जगातील सर्वांत मोठे सरोवर कॅस्पियन. युरोपातील सर्वांत मोठे सरोवर लाडोगा. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण मिळत. नकाशात मात्र कॅस्पियनचा उत्तर आणि पश्चिम किनारा युरोपच्या रंगात रंगवलेला असे. तो किनारा युरोपचा असेल, तर युरोपातील सर्वांत मोठे सरोवर लाडोगा कसे? पुढे उपग्रहचित्रांवरून पाण्याचे क्षेत्रफळ मोजणे हेच माझे काम झाले आणि ही शंका पोरकट नव्हती, हे कळले. सरोवर मोजायला तंत्र लागते. कुठले पाणी मोजायला घ्यायचे, हे ठरवायला निर्णय लागतो. युरोपच्या यादीत तर जवळजवळ प्रत्येक ओळीला असा एक निर्णय चिकटलेला आहे.

कॅस्पियनपासूनच सुरुवात करू. सुमारे 3,71,000 चौरस किलोमीटरचे हे पाणी चारी बाजूंनी जमिनीने वेढलेले आहे. व्होल्गा त्यात येऊन मिळते, पण बाहेर एकही नदी पडत नाही. या व्याख्येने ते सरोवर. पण त्याच्या दक्षिण भागाची खोली 1,000 मीटरच्या पुढे जाते, तिथला तळ महासागरी कवचाचा आहे आणि पाणी महासागराच्या साधारण एकतृतीयांश खारट आहे. या लक्षणांनी तो प्राचीन समुद्राचा मागे राहिलेला तुकडा ठरतो. हा वाद केवळ अभ्यासकांचा नव्हता. समुद्र म्हटले तर एक कायदा लागू होणार, सरोवर म्हटले तर वाटणीचा हिशेब वेगळा होणार आणि तळाशी तेल व वायू. रशिया, कझाकस्तान, अझरबैजान, तुर्कमेनिस्तान आणि इराण यांनी दोन दशकांहून अधिक काळ वाटाघाटी केल्या. 12 ऑगस्ट 2018 रोजी अक्ताऊ इथे करार झाला, त्यात कॅस्पियनला ना समुद्राचा दर्जा दिला, ना सरोवराचा. पाण्यापुरते 15 सागरी मैलांचे प्रादेशिक क्षेत्र आणि त्यापुढे 10 मैलांचे मासेमारीचे क्षेत्र आखले गेले. तळाची वाटणी शेजाऱ्यांनी आपापसांत ठरवावी, असे ठरले. मी कॅस्पियन युरोपच्या यादीत धरत नाही, कारण तो एका खंडाचा नाहीच. पण त्याला गुपचूप वगळणेही मला मान्य नाही. यादीच्या डोक्यावर एक ओळ लिहून तो बाजूला ठेवावा, म्हणजे वाचकाला कळते की कोणी तरी विचार करून ठेवला आहे.

कॅस्पियन बाजूला काढला की पहिल्या दोन जागांवर वाद उरत नाही. रशियातील लाडोगा सुमारे 17,700 चौरस किलोमीटर, त्याच्या ईशान्येचे ओनेगा सुमारे 9,700. लाडोगाचा आकडा काही पुस्तकांत 18,000च्या पुढे दिसतो, तेव्हा ते मोजमाप चुकलेले नसते. त्या लेखकाने वालाम आणि इतर शेकडो बेटे आत धरलेली असतात.

खरी गंमत आणि खरा अभ्यास सायमापाशी सुरू होतो. फिनलंडच्या आग्नेय भागातील हे सरोवर नकाशावर पाहिले, तर आधी बेटे दिसतात आणि त्यांच्यामधून वाट काढणारे पाणी नंतर. बेटांची संख्या हजारोंत आहे. हाउकिवेसी, पिह्लायावेसी, पुरुवेसी, ओरिवेसी अशी स्वतंत्र नावे असलेली पसरट पाणक्षेत्रे अरुंद सामुद्रधुनींनी जोडलेली आहेत. सगळे मिळून एक धरले, तर क्षेत्रफळ सुमारे 4,400 चौरस किलोमीटर होते आणि सायमा युरोपातील नैसर्गिक सरोवरांत चौथे येते. दक्षिणेकडचे मूळ सायमा तेवढेच धरले, तर आकडा 1,400च्याही खाली उतरतो. मग एस्टोनिया-रशिया सीमेवरचे पेइपुस पुढे जाते आणि स्वीडनचे वेटर्नही.

मग सायमा एक की अनेक? सावोनलिना गावात ओलाविनलिना हा पंधराव्या शतकातला किल्ला ज्या सामुद्रधुनीत उभा आहे, तिच्या एका बाजूला हाउकिवेसी आणि दुसऱ्या बाजूला पिह्लायावेसी. तिथला प्रवाह इतका जोरकस असतो की आसपासचे पाणी हिवाळ्यात गोठले, तरी किल्ल्याभोवतीचे सहसा मोकळे राहते. प्रवाह आहे म्हणजे ती नदी आणि दोन्हीकडची सरोवरे वेगळी, असे कोणी म्हणू शकेल. माझा निर्णय उलटा आहे. दोन पाण्यांची पातळी समुद्रसपाटीपासून जवळपास तीच, सुमारे 76 मीटर, राहत असेल आणि एक चढले की दुसरे चढत असेल, तर ते एकच सरोवर. नावे माणसांनी आपल्या सोयीने दिली आहेत. उत्तर अमेरिकेतील मिशिगन आणि ह्युरॉन यांची पातळी एकच असते, तेही जलशास्त्राच्या दृष्टीने एकच सरोवर आहे, मात्र नकाशावर दोन म्हणून मिरवते. सायमाला एक मानायचे, तर हाच न्याय सगळीकडे लावावा लागेल, आणि मला तो लावायला आवडेल.

पेइपुसच्या बाबतीत हा न्याय कोणी मोडत नाही. तेही तीन भागांचे आहे: उत्तरेचे मोठे पेइपुस, मधला चिंचोळा भाग आणि दक्षिणेचे प्स्कोव्ह. तिन्ही मिळून सुमारे 3,555 चौरस किलोमीटर. एका सरोवराचे तुकडे जोडायचे आणि दुसऱ्याचे तोडायचे, असे एकाच यादीत झालेले मी अनेकदा पाहिले आहे.

आता धरणांकडे वळतो. या विषयावर मी गप्प बसू शकत नाही. व्होल्गेवरचा कुइबिशेव जलाशय सुमारे 6,450 चौरस किलोमीटरचा आहे. त्याला यादीत घेतले तर तो थेट तिसरा येतो, स्वीडनच्या वेनेर्नच्या (सुमारे 5,650) पुढे. रीबिन्स्क जलाशय 4,580, म्हणजे सायमाच्या पुढे. असे एकेक जलाशय घेत गेलो, तर नैसर्गिक यादीत सहावे असलेले वेटर्न पहिल्या दहांतूनही बाहेर पडते. क्षेत्रफळ हाच निकष असेल तर पाणी अडवले कोणी याला महत्त्व का द्यायचे, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. तो मला पटत नाही. रीबिन्स्कचे पाणी 1941च्या एप्रिलमध्ये चढू लागले आणि 1947पर्यंत चढत राहिले. त्याखाली मोलोगा नावाचे शतकानुशतकांचे गाव गेले, शेकडो खेडी गेली, लाखाहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. या बांधकामावर तुरुंगछावण्यांतले कैदी राबले. एखाद्या वर्षी पाणी फार खाली गेले की मोलोगाच्या रस्त्यांचे आणि पायांचे अवशेष वर येतात. ज्या तक्त्यात लाडोगाखाली काही ओळींवर, कसलीही खूण न करता रीबिन्स्क छापलेले असते, तो तक्ता हे सगळे पुसून टाकतो. कोयनेच्या किंवा नाथसागराच्या काठच्या विस्थापितांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि जलाशय जसा बनतो, तसा नाहीसाही होतो. युक्रेनमध्ये नीपर नदीवरचा काखोव्का जलाशय 1950च्या दशकात भरला, सुमारे 2,155 चौरस किलोमीटरचा. वेटर्नहून मोठा. 6 जून 2023 रोजी धरण उद्ध्वस्त झाले आणि काही आठवड्यांत जवळजवळ सगळा जलाशय रिकामा झाला. खालच्या गावांत पूर आला, माणसे आणि जनावरे दगावली, वरच्या भागातले कालवे कोरडे पडले. पुढच्या उपग्रहचित्रांत जुन्या तळावर नदीचे प्रवाह आणि नंतर विलो-पॉप्लरची दाट हिरवळ दिसू लागली. ज्या पुस्तकांत काखोव्का युरोपच्या मोठ्या जलाशयांत होता, ती त्या महिन्यातच जुनी झाली.

नैसर्गिक आणि मानवनिर्मित यांच्यातली रेषा अगदी स्वच्छ आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ओनेगाची पातळी 1950च्या दशकापासून स्वीर नदीवरच्या धरणाच्या हातात आहे. वेनेर्नचे पाणीही नियंत्रित सोडले जाते. नेदरलँड्सचे आयसेलमेर तर समुद्राची खाडी होती. 28 मे 1932 रोजी 32 किलोमीटरच्या बांधाने तिचे तोंड बंद झाले आणि थोड्याच वर्षांत खारे पाणी गोडे झाले. 1976मध्ये आणखी एक बांध पुरा झाल्यावर त्यातून मार्करमेर वेगळे निघाले. माझी कसोटी अशी: माणसाने हात लावण्यापूर्वी तिथे सरोवर होते का? ओनेगा होते, वेनेर्न होते. रीबिन्स्क नव्हते, आयसेलमेर नव्हते.

मोजण्याचा दिवसही निकाल बदलतो. नोव्हगोरोदजवळच्या इल्मेन सरोवराला पन्नासहून अधिक नद्या मिळतात आणि बाहेर जाते ती एकटी वोल्खोव. उथळ तळामुळे वसंतातल्या पुरात ते 2,000 चौरस किलोमीटरच्या पुढे पसरते आणि कोरड्या काळात त्याच्या निम्म्याहूनही खाली येते. पुराच्या चित्रावरून मोजणारा त्याला वेटर्नच्या वर बसवेल. आम्ही पाणी ओळखतो ते मुख्यतः अवरक्त पट्ट्यात, कारण पाणी ती किरणे शोषून घेते आणि चित्रात काळे दिसते. पण काठावर बोरू माजला असेल, तर पाण्यात उभे असलेले ते गवत जमीन म्हणून नोंदले जाते. ऑस्ट्रिया-हंगेरी सीमेवरचे नॉयझीडल सुमारे 315 चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग बोरूने भरलेला आहे. अशा सरोवराचा काठ संगणकाला विचारून भागत नाही, जागेवर जावे लागते.

इतकी काथ्याकूट करूनही क्षेत्रफळ पाण्याबद्दल फार थोडे सांगते. हंगेरीतील बालाटोन सुमारे 590 चौरस किलोमीटर, जिनिव्हा 580. तक्त्यात बालाटोन वर. बालाटोनची सरासरी खोली जेमतेम तीन मीटर आहे आणि त्यात 2 घन किलोमीटरही पाणी नसते. 310 मीटरपर्यंत खोल असलेल्या जिनिव्हात 89 घन किलोमीटर आहे. जिनिव्हाच्या सहापट पसरलेल्या पेइपुसमध्ये अवघे 25. वेटर्न सायमाच्या निम्म्याहूनही लहान, तरी त्यात सायमाच्या दुप्पट पाणी आहे. सरोवरांच्या अभ्यासाला शास्त्राचे रूप देणाऱ्या फ्रान्स्वा-आल्फोन्स फोरेल यांनी जिनिव्हावर तीन खंड लिहिले. 1892 ते 1904 या काळात ते प्रसिद्ध झाले. त्यांत तळ, तापमान, लाटा, जीवसृष्टी, काठची माणसे, सगळे आहे. एकाच सरोवराला तीन खंड लागतात आणि आपण त्याला तक्त्यात एक आकडा देतो.

तक्त्यात न दिसणारी आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ओनेगाचे पाणी स्वीरमधून लाडोगात येते. सायमाचे पाणी वुओक्सीमधून लाडोगातच. इल्मेनचे पाणी वोल्खोवमधून तिथेच. हे सगळे नेवा या जेमतेम 74 किलोमीटरच्या नदीतून सेंट पीटर्सबर्गमार्गे बाल्टिकमध्ये जाते. यादीतले प्रतिस्पर्धी एकाच खोऱ्यातले भाऊ आहेत. युरोपची मोठी सरोवरे उत्तरेला दाटलेली आहेत, त्याचे कारणही एकच. हिमयुगातील बर्फाच्या चादरीने तिथले खडक खरवडले, आणि बर्फ वितळल्यावर ओझे उतरलेली जमीन वर येऊ लागली. ती अजून येत आहे. वेनेर्न पूर्वी समुद्राचा भाग होते, उंचावणाऱ्या जमिनीने ते तोडून घेतले. सायमाचे पाणी एके काळी पश्चिमेकडे जाई. जमीन कलत गेली आणि काही हजार वर्षांपूर्वी ते दक्षिणेचा कडा फोडून वुओक्सीच्या वाटेने निघाले.

माझी यादी विचाराल तर लाडोगा, ओनेगा, वेनेर्न, सायमा, पेइपुस, वेटर्न. कॅस्पियन वर वेगळ्या ओळीत, धरणांचे जलाशय शेजारी वेगळ्या तक्त्यात, बेटे वजा करून. स्पर्धा परीक्षांची पुस्तके लिहिणाऱ्या मराठी लेखकांना माझी एवढीच विनंती आहे. सरोवराच्या आकड्याशेजारी तो कोणत्या वर्षाचा आहे हे छापा आणि धरणाचा जलाशय असेल तर तसे लिहा. दोन छोट्या रकान्यांचे काम आहे. मुले ते पाठ करणारच आहेत, तर बरोबर पाठ करू द्या.