लेबलावरचं इंग्रजी

कोकणात कोकमतेल मुठीत वळलेल्या पांढरट गोळ्यांच्या रूपात मिळतं. टाचा फुटल्या की गोळा जरा उबेला धरायचा आणि पातळ झालेलं तेल भेगांत भरायचं, हे इथल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या बचत गटात मी साबण आणि मलमं करायला शिकवते, त्यासोबत त्या धंद्यापुरतं इंग्रजीही शिकवते. ते इंग्रजी या गोळ्यापासून सुरू होतं.

गोळा मनगटाच्या आतल्या बाजूला घासायचा. सुरुवातीला तो टोचतो. मग अंगाच्या उबेनं कडा मऊ पडतात, आणि मघापर्यंत अडखळणारं बोट सरसर फिरायला लागतं. हे झालं की मी फळ्यावर लिहिते : इमोलिअंट. दुसऱ्या मनगटावर ग्लिसरिन. ते चिकटतं, आणि झाकण उघडं राहिलेल्या बाटलीतलं ग्लिसरिन पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून पातळ होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पाणी ओढून धरणारं ते ह्युमेक्टंट. मग मधमाशांचं मेण. मेण फासलेल्या कातडीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो न पसरता तसाच टपोरा उभा राहतो. जे बाहेरचं पाणी आत घेत नाही, ते आतलंही सहजासहजी उडू देत नाही. ते ऑक्लुझिव्ह.

हे तीन शब्द कळले की मलमाचं कोडं निम्मं सुटतं. आंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच का लावायचं, नुसतं ग्लिसरिन लावून उन्हाळ्यात बाहेर पडलं तर कातडी पुन्हा का ओढते, मलमात मेण किती घालायचं, याची उत्तरं मग त्या स्वतःच देतात. पाठांतरानं हे साधत नाही. कोशातला अर्थ वहीत उतरवलेला असतो, पण हातानं तो ओळखलेला नसतो.

नंतर आम्ही दुकानातल्या बाटल्या उलट्या करून मागची बाजू वाचतो. तिथे लॅटिनही भेटतं. ‘गार्सिनिया इंडिका सीड बटर’ म्हणजे आपलंच कोकमतेल, हे कळल्यावर एक मावशी ते नाव कितीतरी वेळ मोठ्यानं म्हणत राहिल्या. ‘कोकोस न्युसिफेरा ऑइल’ म्हणजे खोबरेल, ‘अक्वा’ म्हणजे पाणी. पण नावांपेक्षा मी क्रमावर जास्त वेळ घालवते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात; १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कसेही लिहिले तरी चालतात. फिनॉक्सीइथेनॉल या परिरक्षकाला युरोपच्या नियमांत १ टक्क्याची कमाल मर्यादा आहे. त्या नियमानं केलेल्या क्रीमच्या यादीत केशराचं नाव त्याच्याही मागे आलं, तर पुढच्या बाजूला केशराची कितीही मोठी चित्रं असोत, आत ते १ टक्क्याच्या वर नाही. वाचायला शिकलेली बाई हे दुकानात उभ्या उभ्या सांगते. मला त्याचा फार आनंद होतो.

साबणाच्या दिवशी हातमोजे, चष्मा आणि उघड्या खिडक्या. पाण्यात कॉस्टिक सोडा हळूहळू सोडायचा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळतं. १ किलो खोबरेलाचा पुरता साबण व्हायला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक लागतं. पण नुसत्या खोबरेलाचा साबण अंग कोरडं करतो, म्हणून आम्ही १४६ ग्रॅमच घालतो. उरलेलं २० टक्के तेल साबणात तसंच राहतं. त्याला सुपरफॅट म्हणतात. तेल आणि द्रावण घुसळत गेलं की मिश्रण दाटतं, आणि चमच्यातून पडणारी धार वर रेघ सोडते. ती रेघ म्हणजे ट्रेस. ती दिसली की साच्यात ओतायचं.

त्याच दिवशी हमखास एक प्रश्न येतो. ‘ताई, कॉस्टिक एवढं जपून घातलं, मग साबणाच्या कागदावर त्याचं नाव का नाही?’ मी ‘सोडियम कोकोएट’ हे नाव दाखवते. कॉस्टिकमधला सोडियम आणि खोबरेलातली आम्लं एकत्र येऊन जे झालं ते हे. सोबत ग्लिसरिन सुटतं. कॉस्टिक उरलेलंच नसतं. रसायन हा शब्द ऐकूनच दचकणाऱ्या बायका त्या दिवसानंतर दचकत नाहीत. ‘केमिकल फ्री’ असं वडीवर छापायचा हट्टही मग आपोआप मागे पडतो.

‘नॅचरल’ शब्दाबाबत मात्र मी कडक आहे. लिंबू झाडावरचं आहे, म्हणून चेहऱ्याला चोळायचं असं होत नाही. काही जण उटण्यात बावची घालतात. लिंबाच्या सालीत आणि बावचीत असे घटक असतात की ते अंगावर राहून वर ऊन लागलं तर कातडी भाजते, फोड येतात, काळे डाग राहतात. ‘फोटोटॉक्सिक’ हा शब्द म्हणून मी पहिल्याच महिन्यात शिकवते आणि पुन्हा पुन्हा विचारते.

शेवटी क्रियापदं. विक्रीसाठी करायचं तर सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे परवाना काढावा लागतो, आणि वेष्टणावरचा प्रत्येक शब्द आपल्या अंगावर असतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात प्रसाधनाची कामं सांगितली आहेत : स्वच्छ करणं, सुंदर करणं, आकर्षकता वाढवणं, रूप बदलणं. त्यात रोग बरा करणं नाही. म्हणून ‘क्लेन्झ’ आणि ‘सॉफ्टन’ आपले, ‘ट्रीट’ आणि ‘क्युअर’ औषधवाल्यांचे. सोरायसिसनं गांजलेलं माणूस ‘क्युअर’ वाचून डॉक्टरकडे जायचं थांबतं, आणि ते पाप आपल्या वडीच्या माथी येतं. हे मी आवाज चढवून सांगते.

परवा गटातली एक मुलगी कडुनिंबाच्या साबणाचा मजकूर लिहून घेऊन आली होती : ‘क्युअर्स ॲक्ने’. दुसरीनं तो खोडला, तिसरीनं हरकत घेतली की असं लिहिल्याशिवाय खपणार नाही. बराच वेळ वाद झाला. मग ‘क्लेन्झेस ऑइली स्किन’ यावर सगळ्यांचं जमलं. खाली घटक, वजन, बॅच नंबर, तारीख, आणि इंग्रजीबरोबर मराठीतही : वडीचा फेस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा, एक दिवस थांबा, खाज किंवा लाली आली तर वापरू नका.