गडग्याकडचा रतांबा

रतांबा मुद्दाम लावावा, असं आमच्या गावात कुणाला वाटतच नसे. आंब्याला खत, नारळाला शिंपणं, सुपारीची राखण. रतांबा मात्र ओहोळाच्या काठी नाहीतर गडग्याच्या कडेला आपला आपण उगवायचा आणि वाढायचा. वैशाखात घरावर राज्य मात्र त्याचं. पाऊस यायच्या आत फळं उतरवायची, फोडायची, सालं वेगळी करायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. लालभडक साल काळी पडेपर्यंत हा उद्योग चाले. मग आमसुलं बरणीत, आगळ बाटल्यांत. बियांचं तेल गार झालं की थिजायचं. आजी त्याचे मुठीएवढे गोळे वळायची. थंडीत टाचांच्या भेगांना ते मुठेल लावून आम्ही झोपायचो.

या साऱ्या घाईगर्दीत आमच्या परड्यातला एक रतांबा रिकामा उभा असायचा. थंडीत फुलायचा इतरांसारखाच, पण फळ एकही नाही. नर आहे, असं म्हणून मोठी माणसं विषय संपवायची. गावात अशी झाडं चुलीत जात. आमचं राहिलं ते केवळ गोठ्यावर त्याची सावली पडायची म्हणून.

पुढे मुंबईत नोकरी करताना रतांबा माझ्यापुरता सोलकढीच्या वाटीएवढा उरला. निवृत्तीनंतर गावी परतून लागवड करायची ठरवली, तेव्हा कुठे त्या नराचा अर्थ कळू लागला. कोकमात, म्हणजे आमच्या रतांब्यात, साधारणपणे नर फुलं एका झाडावर येतात, मादी फुलं दुसऱ्या झाडावर. बी पेरलं तर निम्मी रोपं नर निघतात आणि पानांवरून काहीच ओळखता येत नाही. सात-आठ वर्षं पाणी घालायचं, तेव्हा फूल येणार आणि ते सांगणार. ज्याला पोटासाठी बाग करायची आहे, त्याला ही वाट परवडत नाही. म्हणून कलम. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1997 साली ‘कोकण अमृता’ ही जात दिली, ती अशी कलमांनीच वाढवतात. रोपाच्या कोवळ्या खोडाला चीर द्यायची, मादी झाडाच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवायची आणि घट्ट बांधायची. साल आणि लाकूड यांच्यामधला जिवंत थर दोहोंकडचा नीट जुळला, तर काडी धरते.

पण कलम बांधणाऱ्याने मला खरी मेख दाखवली ती वेगळीच. काडी घ्यायची ती सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची. बाजूच्या आडव्या फांदीची काडीही धरते, फळही देते. पण ते कलम उभं राहत नाही, आडवंच पसरत जातं. मुळं नवी, माती नवी, तरी फांदी आपली जुन्या झाडावरची जागा सोडत नाही. कॉफीतही असंच होतं. आंब्याची काडी मात्र असा हट्ट धरत नाही. झाडावर आडव्या फांद्या पुष्कळ, उभे शेंडे थोडे. म्हणून कोकमाचं चांगलं कलम हवं तेवढं मिळत नाही.

बी तोंड उघडायला वर्षं घेतं आणि फांदी आपला स्वभाव सोडत नाही. हे दोन्ही ओळखून वागणं म्हणजे फळझाड लावणं, असं मला आता वाटतं.

2016 साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याला कुणी लावत नव्हतं, त्याची आता लोक रांगेत लागवड करतात. त्यांना एवढंच सांगणं: कलम घेताना काडी उभ्या शेंड्याची आहे ना, हे विचारून घ्या. बागेत शंभर झाडांत दहाएक नर असावेत, अशी शिफारस आहे, तीही पाळा. आणि परड्यात फळ न देणारा जुना रतांबा असेल, तर कुऱ्हाड उचलण्याआधी थांबा. शेजारणीच्या फळांत त्याचाही वाटा असतो.