टोमॅटोचे पैसे त्याच दिवशी

पुणे, 8 जानेवारी

प्रिय दादा,


पॅकहाऊसच्या अनुदानाचा प्रस्ताव वाचला. कागद चोख आहेत. पण पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलेलं मला जास्त लागलं: भाव चढला की सभासद माल आपल्या शेतकरी उत्पादक कंपनीला न देता बांधावरच व्यापाऱ्याला देतात.

त्यांना बेइमान म्हणू नकोस. मल्चिंग, बांबू, तार, औषधं, सगळं व्यापाऱ्याच्या उचलीवर आलेलं असतं. क्रेट गाडीत चढले की तो रोख मोजतो. आपली कंपनी मॉलचे पैसे आल्यावर, म्हणजे दहा-पंधरा दिवसांनी देणार. तोड्याला आलेल्या बायकांची मजुरी मात्र त्याच संध्याकाळी द्यावी लागते.

आता हिशेब बघ. शेतकरी उत्पादक संघटनांसाठीच्या केंद्राच्या 2020 च्या योजनेत सभासद जेवढं भागभांडवल भरतो तेवढंच सरकार घालतं, माणशी कमाल 2,000 रुपये. आपल्या 300 सभासदांचे 6 लाख, सरकारचे 6 लाख. नारायणगावला 20 किलोचा क्रेट 400 रुपयांनी धरला आणि तीसच जणांनी शंभर-शंभर क्रेट आणले, तर हे 12 लाख एका दिवसात संपले. दुसऱ्या दिवशीच्या मालाचं काय? व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मिळतात, पण ते पगार आणि ऑफिसखर्चासाठी.

सोयाबीनवाल्यांना गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळतं. टोमॅटो कोण तारण घेणार? म्हणून फळं-भाजीपाल्याच्या कंपन्यांना वेगळी मदत हवी, असं मी बँकेत बसून ठामपणे म्हणते. युरोपीय संघात अशा संघटनांना मिळणारी मदत त्यांच्या विक्रीशी बांधलेली आहे. साधारणपणे विक्रीमूल्याच्या 4.1 टक्क्यांपर्यंत, आणि निम्मा वाटा संघटनेनं स्वतः घालायचा. सभासदाचा माल संघटनेतून गेला, तरच मदत वाढते. आपल्याकडे योजनेचं उद्दिष्टच 10,000 संघटना उभ्या करण्याचं होतं. फेब्रुवारी 2025 मध्ये ते गाठलं. आता संघटनांऐवजी क्रेट मोजायला हवेत, आणि हंगामाच्या दोन-तीन महिन्यांपुरतं स्वस्त खेळतं भांडवल द्यायला हवं. त्याशिवाय पॅकहाऊस उभं राहील, पण त्यात माल येणार नाही.

प्रस्ताव मागे घेऊ नकोस. मात्र पॅकहाऊसच्या आधी कॅश क्रेडिट मंजूर करून घे. योजनेत 2 कोटींपर्यंतच्या कर्जाला पतहमी आहे, तिच्यासाठी आग्रह धर. बँक मागची विक्री बघणारच, तेव्हा गेल्या हंगामाच्या सगळ्या विक्रीपट्ट्या तारखेवार लावून ठेव. मॉलचे पैसे कोणत्या दिवशी जमा झाले तेही शेजारी लिही. संक्रांतीला येते तेव्हा आपण दोघं बसून कॅश क्रेडिटचा अर्ज भरू. फेब्रुवारीत रोपं शेतात जायच्या आत तो गेला पाहिजे, नाहीतर यंदाही उचल व्यापाऱ्याचीच.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी