खाचरातले यंत्र

महाड-पोलादपूरकडील आमची भातखाचरे म्हणजे डोंगरउतारावर बांध घालून अडविलेली माती. मोठा ट्रॅक्टर वळेपर्यंत खाचरच संपते! पिंजोरचा एचएमटी २५११ किंवा १९७४ साली पंजाबात आलेला स्वराज ७२४ हे २५-२६ अश्वशक्तीचे. देशावर लहान, आम्हांला मात्र थोरच. मानवला तो पॉवर टिलर. दोन चाके, दोन मुठी आणि मागून चिखल तुडवीत चालणारा माणूस.

एचएमटीने १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनविण्यास आरंभ केला. २०१६ साली केंद्र सरकारने तो विभाग बंद करण्यास मान्यता दिली. सरकारी कारखान्याची ही गत, तेथे लहान नावांची काय कथा? आमच्या टिलरवरील नाव बाजारातून केव्हाच पुसले गेले होते, हे आम्हांस सुटा भाग मागावयास गेल्यावर कळले. ऐन चिखलणीत आस मोडला, दुकानदाराने नुसती मान हलविली. बैलजोडी तर टिलर आला त्याच वर्षी आम्ही मोठ्या ऐटीत विकलेली!

अखेर महाडच्या एका लेथवाल्याने मोडका तुकडा समोर ठेवून नवा आस कातून दिला. तो अजून चालतो. पण तोवर तरवा जून झाला होता, आणि अर्धी लावणी आम्ही शेजाऱ्याच्या बैलांवर उरकली.