पुठ्ठा कापण्याचे पाते : निवडीमागील अनुभव

पन्हळी पुठ्ठा हाताला मऊ लागत असला तरी तो पात्याची धार झपाट्याने खाणारा पदार्थ आहे, आणि म्हणून तो कापण्यासाठी साधन निवडताना पोलाद किती भारी आहे यापेक्षा पाते किती पातळ आहे व त्याची धार किती सहज नवी करता येते, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. घरच्या गणपतीसाठी पुठ्ठ्याचे मखर तयार करताना प्रस्तुत लेखकाला जो अनुभव आला, त्यातून हे दोन निकष हळूहळू स्पष्ट होत गेले.

महाराष्ट्रात 2018 मध्ये थर्माकोलच्या वापरावर बंदी आल्यानंतर घरगुती सजावटीत पुठ्ठ्याचे महत्त्व वाढले, आणि साहित्य बदलताच कापण्याची रीतही मुळापासून बदलली. थर्माकोल कापण्यासाठी विजेवर तापणारी तार वापरली जात असे. ती पदार्थ वितळवत पुढे सरकते, त्यामुळे तिथे धारेचा प्रश्नच उद्भवत नाही. पुठ्ठ्यात मात्र कागदाचे तंतू प्रत्यक्ष तोडावे लागतात. दोन सपाट कागदांच्या मध्ये लाटांच्या आकाराचा एक कागद चिकटवला की त्याला थ्री प्लाय म्हणतात, तर लाटांचे दोन थर आणि सपाट कागदांचे तीन थर असलेल्या जाड पुठ्ठ्याला फाइव्ह प्लाय म्हणतात. लाटांना आडवा छेद देताना पाते बोथट असेल तर त्या तुटण्याआधी चेपल्या जातात, आणि लाटांच्या दिशेने कापताना पाते दोन लाटांमधील पोकळीत घसरून आखलेली रेघ सोडते. मखराच्या कमानीत या दोन्ही दिशा सतत बदलत असल्याने पात्याचे गुणदोष तिथे लगेच उघड होतात.

स्वयंपाकघरातील सुरी किंवा घडीचा चाकू या कामी का अपुरा पडतो, हेही तिथेच कळते. अशा सुरीची धार उत्तम असली तरी धारेच्या मागचा भाग जाड होत जातो, आणि कापलेला पुठ्ठा बाजूला सरकत नसल्यामुळे तो पात्याच्या दोन्ही अंगांना घट्ट धरून ठेवतो. परिणामी हाताचा बराचसा जोर कापण्यात न जाता पाचरीप्रमाणे पुठ्ठा फाकवण्यात खर्च होतो. दातेरी सुरीने जाड पुठ्ठा करवतता येतो आणि खोकी मोडण्यासाठी ती पुरेशीही असते, परंतु तिने कापलेल्या कडेवर कागदाची पिसे निघत असल्यामुळे दर्शनी भागासाठी ती उपयोगाची नाही.

धार जाण्याचे कारण पुठ्ठ्याच्या घटनेत आहे. पुठ्ठ्यात पुनर्वापराच्या कागदाचे प्रमाण बरेचदा मोठे असते, आणि अशा कागदाबरोबर खडूसारखी खनिज पूड, चिनी माती व बारीक रेतीचे कण येतात. यांपैकी रेतीचे कण पोलादाहून कठीण असल्यामुळे प्रत्येक छेदागणिक ते धारेचा सूक्ष्म अंश घासून नेतात. सुऱ्यांची धार किती टिकते हे मोजण्याच्या आयएसओ 8442-5 या आंतरराष्ट्रीय मानकात 5 टक्के सिलिका, म्हणजे रेतीतील मुख्य खनिज, मिसळलेल्या कागदी पुठ्ठ्याच्या पट्ट्याच कापल्या जातात, यावरून या पदार्थाचा घासण्याचा गुण लक्षात येतो.

झिजणे अटळ असेल तर झिजलेला भाग टाकून देता यावा, हा विचार जपानमधील ओसाका येथे योशिओ ओकादा यांनी 1956 मध्ये प्रत्यक्षात आणला. छपाईच्या व्यवसायात कागद कापताना पात्याचे फक्त टोक बोथट होते आणि उरलेले पाते वाया जाते, हे पाहून त्यांनी आडव्या खाचा पाडलेले, तुकड्यातुकड्याने मोडता येणारे पाते तयार केले. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात नुसते ‘कटर’ म्हणून मागितले जाणारे साधन हेच होय.

या कटरची पाती मुख्यतः रुंदीवरून ओळखली जातात. 9 मिलिमीटर रुंदीचे पाते सुमारे 0.38 मिलिमीटर जाड असते, 18 मिलिमीटरचे सुमारे 0.5, तर 25 मिलिमीटरचे सुमारे 0.7. जाळीची नक्षी, लहान वळणे आणि घडी घालण्यासाठी फक्त वरचा कागद चिरणे, या कामांना 9 मिलिमीटरचे पाते योग्य ठरते. मात्र फाइव्ह प्लायमध्ये ते वाकते, आणि वाकलेले पाते वरच्या बाजूला रेघेवर राहूनही खालच्या बाजूला तिरके उतरते. खांब व पाठीमागची भिंत यांसारख्या लांब सरळ भागांसाठी 18 मिलिमीटरचे पाते सर्वांत समतोल वाटले, तर 25 मिलिमीटरचे पाते ताठ असूनही घरगुती कामात जड पडते. जाड पुठ्ठा एकाच दमात न कापता स्टीलच्या पट्टीच्या आधाराने हलक्या हाताने दोनतीनदा चिरला, तर लाटा चेपत नाहीत आणि पात्यावरचा ताणही कमी होतो.

मखराचे काम ऐन पावसाळ्यात होत असल्यामुळे आणखी एका बाबीचा विचार करावा लागतो. दमट हवेतील ओलावा शोषून पुठ्ठा नरम पडतो आणि कापला जाण्याऐवजी फाटतो, म्हणून अशा दिवसांत धार एरवीपेक्षा लवकर नवी करावी लागते. कार्बन पोलादाच्या पात्यांना तीक्ष्ण धार येते, पण ती गंजतात. स्टेनलेस पाती गंजाला सहजी दाद देत नाहीत. तरीही पात्याचा तुकडा गंजण्याआधीच मोडून टाकला जात असल्याने येथे कार्बन पोलाद पसंत करणे शहाणपणाचे ठरते. शिल्लक पात्यांना तेलाचा हात दिला की पुरे.

मुठीच्या बाबतीत पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे पाते जागेवर धरणारी कळ. जोर दिल्यावर पाते आत सरकत असेल, किंवा पाते बसवण्याची खोबण सैल असून ते डुलत असेल, तर उत्तम पातेही धोक्याचे होते. मोडलेले तुकडे झाकणाच्या डबीत साठवून, ती चिकटपट्टीने बंद करून व तसे लिहूनच टाकावेत, कारण कचरा वेगळा करणाऱ्यांचे हात बहुधा उघडे असतात. घट्ट कळीची 18 मिलिमीटरची मूठ, नक्षीसाठी 9 मिलिमीटरची दुसरी आणि पात्यांचा पुरेसा साठा एवढी सामग्री बहुतेक घरांना पुरते, आणि खर्च करायचाच असेल तर तो दिखाऊ मुठीपेक्षा चांगल्या पात्यांवर करणे अधिक फलदायी ठरते.