दस्तूर

राज्यशास्त्रात एम.ए. करायचे मी ठरवले तेव्हा बी.एड. होऊन दहा वर्षे झाली होती. अकोल्याच्या एका उर्दू शाळेत आठवी-नववीच्या मुलींना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. माहेर अमरावतीचे, सासर अकोल्याचे. अमरावती विद्यापीठाचा फॉर्म बाहेरून भरला आणि परीक्षेचे केंद्र अमरावतीचे घेतले, म्हणजे पेपरच्या आदल्या रात्री अम्मीकडे मुक्काम करता येईल. पुस्तके मराठीत मिळाली, म्हणून उत्तरेही मराठीतच लिहायचे ठरले. पहिलीपासून बी.एड.पर्यंत उर्दूत शिकलेल्या बाईला हे सोपे नव्हते. पण मराठी काही परकी नव्हती. गल्लीत, बाजारात, एस.टी.त तीच तर बोलत आलो.

पहिल्याच वर्षी ब्रिटनच्या शासनव्यवस्थेने मला पाडले. पास व्हायला नऊ गुण कमी पडले.

शाळेत कोणाला सांगितले नाही. घरी मात्र लपवता येईना. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "दूसरों के बच्चों को पढाती, और खुदच फेल?" त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरेच नवल वाटले होते. मलाही वाटले होते. कारण मी काही कमी पाठ केले नव्हते. मॅग्ना कार्टा १२१५, बिल ऑफ राइट्स १६८९, पार्लमेंट अ‍ॅक्ट १९११ आणि १९४९, सगळी सनावळी तोंडपाठ होती. प्रश्न होता, ब्रिटनचे संविधान एका ग्रंथात लिहिलेले नाही, हा त्याचा गुण की दोष, चर्चा करा. मी संविधानाची दहा वैशिष्ट्ये लिहिली आणि पुरवणी जोडून आले.

आमच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या सरांना शेवटी धीर करून सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही सगळ्यांचे म्हणणे लिहिले. तुमचे कुठे आहे?"

"माझे कशाला, सर? मी काय लंडनला राहते?"

"प्रश्न तर तुम्हालाच विचारला ना?"

त्या रात्री झोप आली नाही. आठवून पाहिले. शाळेत सबक ऐकवला, मदरशात सबक ऐकवला, बी.एड.ला पाठ घेतले तेही टाचणात लिहिल्याप्रमाणे. लग्न ठरले तेव्हाही माझी मान हलली आणि तीच हो समजली गेली. आयुष्यात मला कोणी 'चर्चा करा' म्हटलेच नव्हते! आणि मी तरी माझ्या वर्गातल्या मुलींना कुठे म्हणत होते?

मग मी गाईड बाजूला ठेवले. आधी प्रश्नातले क्रियापद पाहायचे. 'वर्णन करा' वेगळे, 'मूल्यमापन करा' वेगळे. आपली बाजू पहिल्या परिच्छेदात सांगायची. मग तिला आधार देणारी दोन उदाहरणे सनासह. मग विरुद्ध बाजू, तीही इमानदारीने. आणि शेवटी निष्कर्ष. सरांनी हा क्रम शिकवला; पण त्यात भरायचे काय, ते मला माझ्याच घरात सापडले.

माझे अब्बा शिंप्याचे काम करीत. रात्री मशीन थांबली की ट्रान्झिस्टरवर बीबीसी उर्दूचे 'सैरबीन' लागे. २००७ साली टोनी ब्लेअर गेले आणि गॉर्डन ब्राऊन आले, तेव्हा अब्बा हातातली कात्री ठेवून म्हणाले होते, "बगैर इलेक्शन के वज़ीर-ए-आज़म बदल गया! ये कैसा दस्तूर?" तेव्हा मी नुसती हसले होते. आता उत्तर सापडले. तिथे लोक पंतप्रधान निवडत नाहीत, हाऊस ऑफ कॉमन्स निवडतात. ज्याच्यामागे कॉमन्सचे बहुमत, तो पंतप्रधान. म्हणूनच २०२२ साली सार्वत्रिक निवडणूक न होता जॉन्सन, ट्रस आणि सुनक असे तीन पंतप्रधान एकाच वर्षात होऊन गेले.

पण अब्बांच्या वाक्यातला खरा खजिना दुसराच होता. तो 'दस्तूर' हा शब्द. उर्दूत दस्तूर म्हणजे संविधान आणि दस्तूर म्हणजे रिवाजसुद्धा! मराठी पुस्तकातले 'घटनात्मक संकेत' हे दोन शब्द माझ्या डोक्यात सहा महिने शिरत नव्हते, ते एका शब्दात उलगडले. ब्रिटनमध्ये हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत. पंतप्रधान कॉमन्सचाच असावा, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. तो रिवाज आहे. तो मोडला तर कोर्ट शिक्षा करीत नाही. पण मोडायला कोणी धजत नाही.

आणि याचे उदाहरण तर आपल्या वऱ्हाडाशी जोडलेले निघाले. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी सालीना २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले. मालकी निजामाची, हुकूम इंग्रजांचा. १९३६ च्या करारानंतर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला. पण अमरावती-अकोल्याचा कारभार काही त्यांच्या हाती आला नाही. 'राजा राज्य करतो, शासन करीत नाही' हे वाक्य समजायला वऱ्हाडच्या माणसाने लंडनला कशाला जावे? आणि हेच कर्झन १९२३ साली पंतप्रधानपदाच्या दारापर्यंत पोहोचले आणि मागे राहिले. पद बाल्डविन यांना मिळाले. त्याच्या कारणांपैकी एक हे, की कर्झन लॉर्ड्समध्ये बसत होते. न लिहिलेल्या रिवाजाने एवढ्या मोठ्या लाटसाहेबाला अडवले!

ही झाली एक बाजू. दुसरीही लिहायला हवी होती. रिवाज माणसांच्या शरमेवर चालतो. शरम संपली तर? २०१९ साली जॉन्सन सरकारने संसद पाच आठवडे स्थगित केली. तेव्हा २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली. म्हणजे न लिहिलेल्या व्यवस्थेलाही कधी कधी कोर्टाचा दरवाजा ठोठवावा लागतो. आमच्यासारख्या, संख्येने थोड्या असलेल्या माणसांना तर लिहिलेला कागदच जास्त भरवशाचा वाटतो. हे माझे मत होते. पहिल्यांदाच!

दरम्यान घरातला दस्तूर आडवा आला. सून एकटी प्रवास करीत नाही. कुठे लिहिलेले नव्हते, पण होते. राहिलेला पेपर आणि पुढच्या वर्षाचे पेपर मिळून चार वेळा अमरावतीला जायचे होते. पहिल्या खेपेला हे आले, त्यांचा पगार कापला गेला. दुसऱ्या खेपेला सुट्टी मिळेना. घरात दोन दिवस कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी बुरखा घातला आणि म्हणाल्या, "चल, मैं आती." मूर्तिजापूर, बडनेरा करीत आम्ही गेलो. तीन तास त्या केंद्राबाहेरच्या कडुनिंबाखाली तसबीह घेऊन बसून राहिल्या. आजूबाजूला एकट्या आलेल्या कितीतरी मुली त्यांनी पाहिल्या असतील. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्याकडे पाहिले, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अब क्या मैं हर बार आऊं? रस्ता तो मालूम हो गया तेरेकू."

तो राहिलेला पेपर तिसऱ्याच खेपेला होता. मी एकटी गेले. आधीच्या वर्षीसारखाच प्रश्न फिरवून आला होता, संकेतांचे मूल्यमापन करा. पहिली ओळ लिहिली, 'माझ्या मते...' आणि हात थरथरला. मराठीच्या सरांनी सांगितले होते की जुन्या मराठी कागदपत्रांत दस्तूर म्हणजे स्वतःच्या हातचे अक्षर. ते आठवले आणि लिहीत गेले. शुद्धलेखनाच्या चुका नक्कीच झाल्या असतील.

पास झाले. गुण फार नाहीत, पण नऊ कमी पडले होते ते भरून निघाले.

सासूबाईंनी मोहल्ल्यात बत्तासे वाटले आणि कोणी विचारले तर सांगत, "अंग्रेजों के राज का इम्तिहान था."

आता नववीच्या वर्गात मी महिन्यातून एकदा 'तुमचे मत लिहा' असा प्रश्न देते. पहिल्यांदा दिला तेव्हा वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मिस, किताब का लिखूं, या मेरा?"

मी म्हटले, "पहले किताब का. फिर तेरा. दोनों लिख."